खंजिरीची चार मिनिटं

सई, ओम — परवा फोनवर तुम्ही पणजोबांचा आवाज मागितलात. एखादं तरी रेकॉर्डिंग असेलच ना, आजी? मी म्हणाले, शोधते. शोधायची काही गरज नव्हती. ते सात वर्षं माझ्या फोनमध्ये आहे आणि मी ते तुमच्या आईलासुद्धा ऐकवलेलं नाही. ते पाठवायचं तर त्याच्यामागे काय घडलं तेही पाठवायला हवं. आणि ते मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही.

बाबांना पार्किन्सन झाला तेव्हा मी त्यांना शेतावरच्या घरून इथे नेरला आणलं. हात थरथरायचे — ते तर दिसतच होतं. पण पाय! चांगले चालत यायचे आणि उंबऱ्याशी आले की खिळल्यासारखे थांबायचे. माणूस पुढे वाकलेला, पाय मागेच. यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, ठेका ऐकवा, ठेक्यावर पाय सुटतात.

मी लगेच वेळापत्रक केलं. तुम्ही मला ओळखता. सकाळी आठ, संध्याकाळी पाच. छोटा स्पीकर आणला, संथ बासरी निवडली, मागे हलका तबला. बाबा ऐकायचे, मान डोलवायचे, माझं मन राखायला 'छान आहे, माय' म्हणायचे. आणि उंबऱ्याशी थांबायचे.

मग एके दिवशी रामधनकाका आले. बंजारा तांड्यावरचे, त्यांचं शेत बाबांच्या शेताला लागून. चाळीस वर्षं दर गुरुवारी भजनात बाबा गायचे आणि काका खंजिरी वाजवायचे. त्यांनी बाबांना उंबऱ्यात अडकलेलं पाहिलं. पिशवीतून खंजिरी काढली, पलीकडे अंगणात उभे राहिले आणि वाजवू लागले.

"काय बापू, बैल बसला का? कासरा ओढू?"

"ओढून पाह्य! लाथ बसन तुले."

आणि बाबांनी उंबरा ओलांडला. हसत. खंजिरीच्या ठेक्यावर फाटकापर्यंत गेले, परत आले.

त्यानंतर काका रोज यायचे, सायकलवर, पाच किलोमीटर, आणि रोज तीच कासऱ्याची थट्टा. मला आनंद व्हायला हवा होता ना? मी काय पाहत होते — फरशीवर काळ्या मातीचे पाय, गुलाबाच्या कुंडीत खर्‍याची पिचकारी, बैठकीत तंबाखूचा वास. त्यांचा चहाचा कप मी वेगळा विसळायचे, वेगळा ठेवायचे. का? खर्‍यामुळे, असं मी स्वतःला सांगत असे. पाहुण्यांमध्ये खर्रा खाणारे इतरही होते. त्यांचे कप सगळ्यांच्या कपांत जायचे.

पण तेही पूर्ण खरं नाही. मी इतकी गोल गोल का फिरते आहे? सांगते. रात्रंदिवस मी करत होते — अंघोळ, गोळ्या, भरवणं — आणि बाबा माझ्यासमोर कधी असे हसले नव्हते. माझ्या बासरीवर त्यांचा पाय हलला नाही. त्या कातड्याच्या तुकड्यावर हलला. मला ते सहन झालं नाही.

मी विचार केला, ठेकाच हवा आहे ना? माणूस कशाला?

एका संध्याकाळी मी पडद्याआड उभी राहून खंजिरी फोनवर रेकॉर्ड केली. म्हणजे ठरवून केलं, रागाच्या भरात नाही. दुसऱ्या दिवशी काकांना फाटकातच सांगितलं की डॉक्टरांनी मनाई केली आहे, आवाजाने बाबांच्या मेंदूला त्रास होतो. डॉक्टरांनी नेमकं उलटं सांगितलं होतं. काका खंजिरीवर हात ठेवून उभे राहिले, जणू ती आपोआप वाजेल. मग म्हणाले, "मले मालूम नव्हतं, बाई. चुकलंच माह्यं."

बाबांना मी सांगितलं की काका मुलीकडे मुकुटबनला गेले आहेत, तुमच्यासाठी हे भरून दिलंय.

रेकॉर्डिंगवर बाबा चालले. पहिले काही दिवस कासऱ्याचं ऐकून हसलेसुद्धा. मी वहीत नोंद करत होते, आज फाटकापर्यंत, आज दोन फेऱ्या. अधूनमधून ते विचारायचे, "रामधन काहून येऊन नाही राह्यला?" मी म्हणायचे, येतील.

मग एकदा ते उंबऱ्याशी थांबले आणि फोनकडे वाकून म्हणाले, "रामधन, तूर कापली का रे?" खंजिरी वाजत राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं. मग माझ्याकडे पाहिलं. "याले माह्यं ऐकू येत नाही, माय. बंद कर."

त्या दिवसानंतर त्यांचा पाय त्या आवाजावर उचलला नाही. तेव्हा तरी काकांना बोलवायचं होतं ना? सायकलच्या अंतरावर होते. पण बोलवलं असतं तर माझं खोटं दोघांसमोर उघडं पडलं असतं. मी बोलवलं नाही. बाबा सव्वा महिना खुर्चीत बसून होते, तोंड फाटकाकडे. आपला मित्र आपल्याला विसरला, असं समजून ते गेले.

काका त्या दिवशी आले. चपला फाटकाबाहेर काढल्या, पिशवी छातीशी धरली आणि मला विचारलं, "डाक्टरची आता तं मनाई नाही ना, बाई?"

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होते.

मी म्हणाले, नाही, काका. खंजिरी वाजवत ते पुढे चालले आणि बाबांना त्यांच्यामागून उंबऱ्याबाहेर नेलं. गेल्या वर्षी काकाही गेले. त्यांनाही मी सांगितलं नाही.

रेकॉर्डिंग यासोबत आहे. मी त्यातलं काही कापलेलं नाही. चार मिनिटं खंजिरी आहे, कासऱ्याचं बोलणं आहे, बाबांचं हसणं आहे. अगदी शेवटी माझा आवाज आहे — "पुरे आता, काका. साडेपाच वाजले."