बिशपसामींची कवळी

एवढ्या साध्या माणसाने माझा जेवढा छळ केला, तेवढा कुणीच केला नसेल. आमच्या बिशपसामींच्या तोंडात मी बसवलेली कवळी होती आणि ती फोडायचा त्यांनी विडाच उचलला होता.

तंजावरात राजवाड्यामागच्या गल्लीत माझा दातांचा दवाखाना. सामी पापनाशमकडच्या शेतकरी घरातले. खेड्यांतून पाद्री म्हणून फिरले, पुढे बिशप झाले, तरी गावोगाव जाणं सुटलं नाही. ज्या घरी जातील तिथे पुढ्यात मुरुक्कु यायचा. मुरुक्कु म्हणजे चकलीचा थोरला, कडक भाऊ. मी ओरडायचो, "सामी, कॉफीत बुडवून तरी खा!" रुमालातले कवळीचे तुकडे माझ्यापुढे ठेवत ते बोबडं बोलायचे, "डॉक्टर, त्या बाईने माझ्यासाठी चुलीपाशी घाम गाळला. तिला नाही कसं म्हणू?"

एकदा ऐन ईस्टरच्या आदल्या दिवशी कवळी फुटली. सगळे पेशंट घरी पाठवून मी ती जोडली, तर वर मलाच ऐकवलं, "नसती जोडली तर प्रवचन आखूड झालं असतं. लोकांनी तुम्हाला दुवा दिला असता."

नव्वदनंतर बाजार बदलला. खेड्यांतही पाहुण्यांपुढे चकचकीत पाकिटातली क्रीमची बिस्किटं येऊ लागली. माझा जीव भांड्यात पडला. सामी मात्र कुरकुरले, "पाकीट फाडतात आणि टीव्हीकडे वळतात हो. बोलत कोणी नाही."

पंचाहत्तरी झाली तसा त्यांनी नियमाप्रमाणे राजीनामा दिला. नवे बिशप आले, सामी म्हाताऱ्या पाद्र्यांच्या आश्रमात राहायला गेले. वर्षभर इकडे फिरकले नाहीत. मग एका संध्याकाळी आले आणि कवळी काढून माझ्या हातात ठेवली. तिला साधा चरासुद्धा नव्हता.

"बघा, तुमच्या मनासारखं झालं," ते म्हणाले. "आता कोणी बोलावत नाही."

मला भयंकर संताप आला, कोणावर ते कळेना. वरच्या मजल्यावर आमचं बिऱ्हाड. कवळी परत त्यांच्या तोंडात बसवली आणि बायकोला हाक मारून मुरुक्कु आणायला सांगितले.

"असं काय करूलालांत? फुटेल ती!" ती आमच्या तंजावरी मराठीत ओरडली.

"फुटू दे!"

दुसऱ्याच घासाला कट् झालं. सामी पोट धरून हसले. मी त्यांना यथेच्छ झापलं. जोडायला तासाभराचं काम होतं. मी म्हणालो, "आज जमणार नाही, उद्या या." दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. सामी देवाघरी जाईपर्यंत त्या कवळीचं काही ना काही काम मी बाकीच ठेवलं.