काकांची खोली आणि दाबून धरलेलं बटण

आमचे काका वारल्यानंतर काही महिन्यांनी कॉम्प्युटरवर लिहायला लागले. जिवंतपणी त्यांना मोबाईलवरचा फोनसुद्धा नीट कापता येत नसे!

सगळा दोष माझ्या नव्या कीबोर्डचा. तो इतका आखूड, की निम्मी बटणंच नाहीत. म्हणून एकेका बटणाला दोन कामं लावून द्यायची. टिचकी मारली की अक्षर, दाबून धरलं की दुसरं काहीतरी. मी घरून नोकरी करतो आणि मीटिंगमध्ये तीच तीच वाक्यं लिहितो. ती मी बटणांना लावून टाकली आणि स्वतःवरच खूश झालो. (बायको, शैला, खूश नव्हती.)

भिंगारच्या आमच्या घरात आम्ही दोघं आणि रूथकाकू. काकांची खोली ते गेल्यापासून बंद होती. ती मला ऑफिसला हवी होती. काकूच्या हातापाया पडून झालं, तेव्हा कुठे ती सोमवारी किल्ली द्यायला तयार झाली.

त्याच्या आदल्या शनिवारी दुपारी आभाळ दाटून आलं आणि लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. काकांच्या स्मरणाच्या उपासनेसाठी काकू माझ्याच कीबोर्डवर चार ओळी टाइप करत होती. आता काकूचा सगळा जन्म चर्चमध्ये पेटी वाजवण्यात गेलेला. सूर संपेपर्यंत बोट उचलायचं नाही, ही सवय. अक्षरंही ती तशीच वाजवत होती!

"सुनील, इकडं ये," तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "हे बोलायला लागलेत."

अंधारात नुसती स्क्रीन उजळलेली. तिच्यावर लिहिलं होतं, 'मी इथेच आहे.'

"काय दाबलंस?"

"काय न्हाई रे! 'माझे पती' लिहीत हुते."

तिनं पुन्हा बोट ठेवलं. 'आवाज येतोय का?'

"येतोय हो!" काकू रडायलाच लागली. पुन्हा बोट. 'मी दिसतोय का?'

वाक्यं माझीच होती, पण भीतीनं ते डोक्यात शिरेना. तेवढ्यात बंद खोलीच्या दाराची कडी आपोआप वाजली.

काकूनं डोळे पुसले. "अहो, तुमची खोली सुनीलला देऊ का?" असं म्हणून तिनं समोरचं एक बटण घट्ट दाबून धरलं.

'थांबा, मी येतोय.'

मी थेट खाटेवर चढलो आणि जोरात प्रार्थना सुरू केली! शैला टॉर्च घेऊन धावत आली. तिनं स्क्रीन वाचली.

"अहो, तुमी रोज साहेबाला लिहिता तेच हाय की हे! उतरा खाली."

उतरून मी काकूला सगळं समजावून सांगितलं.

"मग खोलीचं विचारल्यावर नेमकं तेच कसं आलं रे?"

मी योगायोग म्हणून सांगितलं. (खरं सांगतो, कडी कशी वाजली ते मलाही कळलेलं नाही.) किल्ली काकूच्या पदराच्या गाठीतच राहिली.

मी वैतागून सगळी वाक्यं काढून टाकली. संध्याकाळी काकू एकेक बटण दाबून धरून बघत बसली. तिला बघून मला फार वाईट वाटलं आणि मी ती परत घातली. पण हावरट स्वभाव! त्यांच्यात एक नवंही घुसवलं, 'खोली सुनीलला दे.'

काकूनं ते वाचलं, चष्मा काढला आणि माझ्याकडे रोखून बघितलं.

"हे तू लिहिलंयस. ह्यांनी उभ्या जन्मात कुनाला कायबी दिलेलं न्हाई!"

भूत व्हायलाही मी नालायक ठरलो. ऑफिस सध्या स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारी आहे.