बार्बाडोसला फोन

मी गाडीच्या दाराला बसवायच्या रबरी पट्टीचा तज्ज्ञ होतो. तोही मागच्या दाराच्या. पुढच्या दारासाठी वेगळा माणूस होता. २००८ साली मिशिगनमधल्या गाड्यांच्या कंपन्या माणसं कमी करू लागल्या, तेव्हा तिथल्या ट्रॉय गावातल्या ऑफिसातून आम्ही दोघंही एकाच दुपारी बाहेर पडलो. त्या बाबतीत मागचं-पुढचं काही केलं नाही त्यांनी.

थोड्याच दिवसांत बायकोला बार्बाडोसमधल्या एका मेडिकल कॉलेजची ऑफर आली. ती नागपूरची डॉक्टर. लग्नानंतर माझ्यामागे अमेरिकेत आली आणि इथल्या परीक्षा, मुलगी, माझ्या नोकऱ्या यांत तिची डॉक्टरकी राहून गेली. एका लॅबमध्ये ती उंदरांना इंजेक्शनं द्यायची. आता तिला फिजिऑलॉजी शिकवायला बोलावलं होतं. उत्तर शुक्रवारपर्यंत हवं होतं.

"जाऊ या की," मी उदारपणे म्हणालो.

"तू काय करशील तिथं?"

"मी? आराम."

"मग मी नाही जात. घरी बसल्यापासून तू माझे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावलेस. काल पोळ्या लाटताना मागे उभा राहून म्हणालास, कडेला जाडी जास्त आहे. इथं निदान तुझे मित्र तरी आहेत, तिथं दिवसभर माझ्याच मागे लागशील. काही काम मिळव, तरच मी हो म्हणणार."

म्हणजे तिची नोकरी परत माझ्या नोकरीवर अडली. 'परत' हा शब्द तिनं उच्चारला नाही, पण त्या दिवशी भांडी जरा जास्तच वाजली.

बार्बाडोसमध्ये गाड्यांचा कारखाना नाही, हे मला इंटरनेटवर पाच मिनिटांत कळलं. इथल्या मराठी मंडळातल्या मित्राला विचारलं, तर तो म्हणाला, "कॅरिबियन ना यार? क्रिकेटमध्ये बघ काहीतरी." माझं पोट बघूनही तो हे बोलला. शेवटी बायकोच्या नव्या कॉलेजातल्या माणसाकडून कळलं, की तिथं काही शाळांना गणिताचे शिक्षक हवे आहेत. गणित! मी कॉलर ताठ केली. बुधवारी सकाळी पहिल्या शाळेला फोन लावला.

एका बाईंनी उचलला.

"गणिताच्या शिक्षकाची जागा आहे ना? त्याबद्दल बोलायचं होतं."

"गुड मॉर्निंग," बाई म्हणाल्या.

"हो. गणिताची जागा."

"गुड मॉर्निंग." आता जरा सावकाश.

"हॅलो? ऐकू येतंय का? मॅथ्स! मॅथ्स टीचर!"

फोन बंद. लाइन खराब असणार. दुसऱ्या शाळेला लावला. तिथंही लाइन तशीच खराब. समुद्राखालून वायर जाते, पाणी शिरलं असेल, असा माझा तांत्रिक अंदाज होता. मी तो मोठ्यानं मांडत असतानाच बायको आतून आली.

"पाणी तुझ्या डोक्यात शिरलंय. अरे, त्या तुला गुड मॉर्निंग म्हणतायत. तू उलट म्हणालास का?"

"कशाला? मी कामासाठी फोन केलाय."

"पुण्याचे तुम्ही! तिथं आधी नमस्कार, मग काम. मला त्या कॉलेजवाल्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं. दुकानात शिरून थेट साखर मागितली तर साखर मिळत नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, माणसाला येत असेल एवढं."

आता एकच शाळा उरली होती. बायकोनं स्वतः नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि शेजारी हाताची घडी घालून उभी राहिली. मुलगी कॉर्नफ्लेक्सचा वाडगा घेऊन मजा बघायला आली.

"गुड मॉर्निंग!" मी पलीकडच्या हॅलोच्याही आधी ओरडलो. "कशा आहात? घरचे कसे आहेत? हवा काय म्हणते?"

"बाबा, टू मच," मुलगी पुटपुटली.

पण पलीकडच्या बाई खूश झाल्या. घरचे बरे होते, हवा गरम होती, गुडघा मात्र दुखत होता. मी गुडघ्याचीही चौकशी केली. बायकोनं हातानं 'पुरे' केलं. मग बाईंनी फोन मुख्याध्यापिकांना जोडून दिला. पुन्हा गुड मॉर्निंग, पुन्हा हवा.

"शिकवलंय कधी?" त्यांनी विचारलं.

"घरी. मुलीला."

"मुलांवर रागावता का?"

"छे! मुळीच नाही."

"रागावतो की! ही डझ!" मुलगी तोंडात घास ठेवून ओरडली. मी तिच्याकडे असं बघितलं, की माझं उत्तर जागच्या जागी खोटं ठरलं.

"ती कोण?" मुख्याध्यापिका.

"माझी मुलगी."

"तिला बोलू द्या."

मुलीनं वाडगा खाली ठेवला. "गुड मॉर्निंग, मॅम. फ्रॅक्शन्स शिकवताना ही मेड मी क्राय. ट्वाइस." मी डोळे मिटले. "मग त्यानं पिझ्झा आणला, आणि सगळं परत सांगितलं. नाऊ आय टीच माय फ्रेंड्स."

पलीकडून जे हसू आलं, त्यानं फोन टेबलावर थरथरला. त्यांचे गणिताचे सर कॅनडाला निघून गेले होते आणि वर्ग रिकामा होता. एक टर्म शिकवून बघा, त्या म्हणाल्या, तिथं काम करायच्या परमिटचा अर्ज शाळा करेल, मात्र पोरांना रडवायचं नाही.

मी वर्गात किती मुलं असतात ते विचारत होतो, तेवढ्यात बायको शेजारून नाहीशी झाली. आतल्या खोलीतून कीबोर्डचा आवाज आला. एकच वाक्य टाइप झालं असावं, तिच्या कॉलेजला होकाराचं. ती बाहेर आली तेव्हा मी मुख्याध्यापिकांचा निरोप घेत होतो, आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे त्यालाही वेळ लागत होता.

"आटप आता," ती कुजबुजली. "नागपूरला रात्र झाली, आई झोपेल. या नोकरीचं अजून कुणालाच सांगितलेलं नाही मी."