काबरीची मान

तुळजाबाईला माणसांशी भांडायची भारी हौस. पण घरात भांडायला माणूसच उरलं नाही, तेव्हा ती कोंबडीशी बोलायला लागली. पोलादपूरच्या वर, कशेडी घाटाच्या अंगाला तिची वाडी. घरं पुष्कळ, पण बहुतेक दारांना कुलपं. गणपतीत मुंबईकर आले की वाडी गजबजते आणि विसर्जन झालं की गाड्या भरून निघून जातात. यंदाही मुलगा जानू, सून, नातवंडं नालासोपाऱ्याला परत गेली. त्यात मुंगसानं तिच्या कोंबड्या एकेक करून उचलल्या. उरली एकटी काबरी, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची. तिला तुळजाबाईनं घरात घेतली ती बाहेर सोडलीच नाही.

आणि लाड तरी किती! ही बाई स्वतः नाचणीच्या भाकरीवर वाढलेली. तिच्या माहेरी पांढरा भात शिजायचा तो सणाला, नाहीतर पाहुणा आला तर. त्यामुळे ज्याच्यावर जीव, त्याला पांढरा भात, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. शेत पडीक पडलं होतं, पण रेशनचा तांदूळ कसा शुभ्र यायचा. दुपारी ती ताट घेऊन बसली की काबरी समोर हजर, आणि दोघी एकाच ताटात जेवायच्या.

"खा गो, खा. तुझ्या आजीला तरी कुणी भात घातला होता काय?" तुळजाबाई म्हणायची. एकटीला घास गिळत नाही, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

एका सकाळी काबरी उठलीच नाही. पाय दुमडून बसलेली, मान मागं पाठीला टेकलेली आणि चोच वर आढ्याकडे. उभी करायला जावं तर कोलमडायची. समोर दाणा टाकला तर चोच भलतीकडेच जायची. तुळजाबाईनं तिला उचलून मांडीवर घेतली.

शेजारचा महिपत नात्यानं तिचा दीर. त्यानं दारातूनच पाहिलं.

"वयनी, ही मानमोडी हाय. आताच्या आता काप. मेली तर खायच्या बी उपेगाची नाय, आनी माज्या कोंबड्या बी जातील."

"भावोजी, आधी तुमची जीभ कापू काय?"

महिपत काही वाईट माणूस नव्हता. वाडीची रीतच तशी होती, कोंबडीची मान वाकडी दिसली की सुरी काढायची. मागं एकदा त्या रोगानं अख्ख्या वाडीतली खुराडी रिकामी केली होती, ती तुळजाबाईनंही पाहिली होती. तो खरं बोलत असेल, हेच तिला जास्त झोंबलं.

तिनं काबरीला टोपलीत घातलं, वर जुनं लुगडं झाकलं आणि उतार उतरून हायवेवर एस्टी धरली.

"विकायला नेताव?" शेजारच्या सीटवरच्या बाईनं विचारलं.

"दवाखान्यात," तुळजाबाई म्हणाली. बाई तोंडाला पदर लावून हसली. एरवी तुळजाबाईनं तिच्या सात पिढ्यांची उणीदुणी काढली असती, पण आज तिचा हात काबरीच्या मानेखाली होता.

पोलादपूरच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर दर्शना नावाची तरुण मुलगी होती. हिरवं पातळ हगते का, श्वासाला घरघर आहे का, वाडीत आणखी कोंबड्या मेल्यात का, असं तिनं सगळं विचारलं. तुळजाबाईचं प्रत्येक वेळी "नाय."

"खायला काय घालता?"

"भात. मी जेवते तोच. चांगला पांढरा."

"आणखी?"

"आनी काय? भातच."

डॉक्टरनं काबरीचे पाय दाबून पाहिले. "आजी, मानमोडी नसावी असं वाटतं, तरी थोडे दिवस हिला दुसऱ्या कोंबड्यांत सोडू नका. तांदूळ पांढरा करताना वरचा कोंडा निघून जातो. नसांना लागणारं जीवनसत्त्व त्या कोंड्यातच असतं. नुसत्या भातावर राहिलेल्या कोंबडीची मान अशी मागे जाते." तिनं इंजेक्शन दिलं, थेंबांची बाटली दिली. "गिरणीवरून कोंडा न्या. भिजवून थोडा थोडा भरवा. पाणी चोचीच्या कडेनं, थेंब थेंब. आणि बरी झाली की मोकळी सोडा, किडे, पाला खाऊ दे."

म्हणजे हिला मीच आजारी पाडली, तुळजाबाईच्या मनात आलं. जीव लावून लावून पाडली.

डॉक्टर हात धुता धुता म्हणाली, "तुम्ही भातावर काय घेता?"

"मीठ."

"डाळ, भाजी?"

"एकटीसाठी कोन रांधतंय!"

"पायांना मुंग्या येतात?"

"येतात. वय झालं आता."

डॉक्टर तिच्याकडे वळली. "मी जनावरांची डॉक्टर. पण आज माणसांच्या सरकारी दवाखान्यात पाय दाखवूनच घरी जा." तुळजाबाई "व्हय व्हय" म्हणाली आणि थेट गिरणी गाठली. आला कोंडा तो सगळा काबरीचा.

दुसऱ्या दिवशी काबरीची मान थोडी सरळ झाली. मग ती भिंतीला टेकून उभी राहिली, मग नीट चालू लागली. डॉक्टरनं सांगितलेले दिवस भरले तशी तुळजाबाईनं दार उघडलं. काबरी तडक महिपतच्या कोंबड्यांत जाऊन उकिरडा उकरू लागली.

"वयनी, माजी सुरी गंजली की!" महिपत ओरडला. तुळजाबाई हसली.

दुपारी ताट वाढून तिनं हाक मारली, "काबरे, ये गो." काबरीनं मान ताठ करून एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा उकरायला लागली. कोंबडी जगली याचा तुळजाबाईला आनंदच झाला होता. तरी तिला रडू आलं, आणि भात ताटात तसाच राहिला.

संध्याकाळी जानूचा फोन आला. "आये, जेवलीस?" रोज तो एवढंच विचारायचा, ती "जेवले" म्हणायची, आणि तो "बरं, ठेवतो" म्हणायचा.

"जेवले," ती म्हणाली.

"बरं, ठेव..."

"जानू, थांब. काय जेवले ते तरी इचार की रे."

 जानूचा आवाज हळू झाला. "काय जेवलीस, आये?"

"मीठभात. तुमी गेल्यापासनं रोज मीठभातच," ती म्हणाली. जानूनं फोन ठेवला नाही.