धाकट्याचे रुंद टायर

दूध तापत ठेवलं होतं, दोन अंडी उकळत होती आणि आत्या टेबलाशी उभी राहून पाव कापत होती. तिचा डावा कान कामातून गेलेला. त्यामुळे दारावरची थाप आधी तिच्या तळपायांना कळली. लाकडी जमीन थरथरली.

"आले रे, दार मोडू नका माझं!"

कडी काढताच धाकटा भाचा आत कोसळला. भुवई फुटलेली, ओठ सुजलेला, शर्टाची बाही खांद्यापासून लोंबणारी.

"आत्या, दार लाव. दादा येतोय."

"दादा? अरे, तो झुरळसुद्धा फडक्यात धरून बाहेर सोडतो."

"चाकाचा पाना घेऊन येतोय."

आत्यानं कडी लावली, त्याला खुर्चीत बसवलं आणि फडकं गार पाण्यात बुडवलं. रक्ताचा डाग गरम पाण्यानं पक्का होतो, हे तिला फार महागात कळलं होतं. खालच्या मजल्यावरचं टायरचं दुकान मुळात तिच्या भावाचं. ट्रकच्या चाकात हवा भरताना लोखंडी कडं उसळलं आणि या दोन पोरांचा बाप बोलता बोलता, वाक्याच्या मधेच गेला. शेजारी उभ्या असलेल्या आत्याचा कान तेव्हाच गेला. पोरांची आई आधीच आजारपणात संपलेली. आत्यानं दुकानाची भिंत स्वतः घासून धुतली, पोरांना जेवू घातलं आणि भावाची हत्यारं उचलली. "बाईमाणूस टायर काय बसवणार" म्हणणारे पुढे तिच्याच दारात पंक्चर घेऊन उभे राहिले. गावभर ती 'हवावाली' झाली. कुणाची हवा काढायची आणि कुणात भरायची, हे तिला बरोबर कळतं, असं लोक हसत म्हणायचे.

दोघा भावांचा मिळून एक पिकअप. खाणीतला दगड डोंगरावरून खाली आणायचा, हा धंदा. मागच्या आठवड्यात धाकट्यानं त्याला रुंद टायर चढवले, तेही दुसऱ्याच्या दुकानात. कारण आत्यानं साफ नकार दिला होता.

"हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड," ती म्हणाली होती. "वाळूत रुंद टायर चांगला, तो पसरतो, रुतत नाही. तुमची वाट दगडाची आणि वळणाची. तिथं अरुंदच बरा."

"अरुंद टायरवर गाडी कशी दिसते माहितीये? पैलवानानं बाळाच्या चपला घातल्यासारखी!"

"दिसू दे. आणि हट्टच असेल तर गाडी दगडांनी भर म्हणजे ती खाली दबेल, स्टिअरिंग पूर्ण वळव, मग टायर आणि मडगार्डच्या मधे हात घालून बघ. हात गेला पाहिजे."

"बघतो गं," म्हणून तो शीळ घालत गेला होता.

आता दारावर लाथ बसली. कडी निखळून मोरीपर्यंत घरंगळत गेली. थोरला आत आला तो थेट धाकट्याच्या अंगावर. पहिला घाव टेबलावर बसला, कपबशा फुटल्या. दुसरा धाकट्याच्या बरगडीत बसला आणि तो खुर्चीसकट आडवा झाला.

"हिचा हात दोन ठिकाणी मोडलाय!" थोरला ओरडला. हिचा म्हणजे त्याच्या बायकोचा. "तोंडात काचा घुसल्यात. काल वळणावर भरल्या गाडीचं चाक मडगार्डला अडकलं, टायर टराटरा फाटला, गाडी खडकावर आदळली. खडक नसता तर दरीतच होतो आम्ही! तुला गाडी मिरवायची होती ना? मिरव आता!"

त्यानं धाकट्याच्या गळ्यावर गुडघा दाबला. धाकट्याचा चेहरा काळानिळा झाला. त्याचा हात जमिनीवर चाचपडत फिरला आणि टेबलावरून पडलेली पावाची सुरी त्याच्या मुठीत आली.

आत्यानं ती सुरी बघितली. आता यातला एकच उठणार, हे तिला कळलं. भाऊ डोळ्यांदेखत गेला तेव्हा करण्यासारखं काही नव्हतं. आज होतं. तिनं दुधाचं पातेलं उचललं आणि सुरी धरलेल्या मनगटावर उकळतं दूध ओतलं. धाकटा किंचाळला, सुरी सुटली. त्याच क्षणी ती दोघांच्या मधे घुसली, आणि धाकट्यासाठी उगारलेला पाना तिच्या खांद्यावर उतरला. हाड मोडल्याचा आवाज तिनं उजव्या कानानं स्वच्छ ऐकला.

थोरल्याच्या हातून पाना गळून पडला.

"आत्या... मी तुला नव्हतो मारत गं."

"माहितीये. तू याला मारत होतास." ती भिंतीला टेकून खाली सरकली. तिचा डावा हात लुळा लोंबत होता. गॅसवर सांडलेल्या दुधाचा जळका वास सुटला होता, अंड्यांचं पाणी आटत आलं होतं. "आधी तो गॅस बंद कर कुणीतरी. आणि तू रे, हात घालून बघितलं होतंस का मडगार्डमधे?"

धाकटा भाजलेलं मनगट पोटाशी धरून बसला होता. "बघितलं होतं. हात आरामात गेला होता, शपथ."

"गाडी भरलेली होती?"

"रिकामी होती. दगड भरायला अर्धा दिवस गेला असता."

थोरल्यानं दात खाल्ले आणि पुन्हा पान्याकडे बघितलं.

"उचल," आत्या म्हणाली. "उचल, त्याचं काम आहे. काल ओढून आणलेली तुमची गाडी खाली अंगणात उभी आहे. काच आणि दिवा फुटलाय, बाकी इंजिन शाबूत आहे. मला दवाखान्यात न्यायला दुसरी गाडी नाही, आणि त्या फाटक्या चाकावर मी बसणार नाही."

तिनं ओठ चावून एक कळ गिळली.

"तुमचे जुने, अरुंद टायर तिकडून मागवून दुकानात कोपऱ्यात ठेवलेत मी. माझा हात आज उठायचा नाही. एकानं चाक धरा, दुसऱ्यानं नट आवळा. एवढं करा."