वरची आणि आमचं फुटकं नेट

वरचीला कुणाचीच किंमत नव्हती. सरपंच असो, बँकेचा साहेब असो, नाहीतर मी, तिची घरमालकीण. सगळ्यांकडे ती एकाच नजरेनं बघायची, खरकट्या भांड्याकडे बघावं तशी. पहिल्या दिवशी तिचं सामान चढवून झालं आणि मी पोहे घेऊन वर गेले. तिनं आधी दाराचं कुलूप हातात घेऊन हलवून पाहिलं. "काकू, ह्याच्या किल्ल्या किती जणांकडं आहेत?" मी म्हटलं, "एक माझ्याकडं, एक तुझ्याकडं." "आधीच्या भाडेकरूनं दुसरी करून घेतली नसंल कशावरून?" आता ते मला कसं माहीत असणार! पोहे खाता खाता ती माझ्याकडे जशी बघत होती, ते अजून विसरले नाही. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःचं कुलूप आणलं.

वरची म्हणजे वरच्या मजल्यावरची. आमच्या नेरे गावात आता भातापेक्षा खोल्या जास्त पिकतात. हिंजवडीला कामाला जाणारी पोरंपोरी येतात, जातात; नावं राहत नाहीत, मजले राहतात. हिचं नाव मात्र मला पक्कं ठाऊक आहे, पण लिहीत नाही. आपलं नाव कुठं लिहून ठेवलेलं तिला खपायचं नाही. दुकानदारानं बिलासाठी मोबाइल नंबर मागितला तर ही भर दुकानात विचारायची, "साबण घ्यायला आले, लग्न नाही जुळवायचं. नंबर कशाला?"

नांदेडकडची होती, तिशीची, एकटी. कंपनीत काय करतेस म्हणून विचारलं तर म्हणाली, "लोकांच्या मशीनमध्ये कोण घुसायलंय ते बघते." तिचं एक पालुपद होतं, ऐकून ऐकून माझे कान किटले होते: "बघितलं, का नुसतं मानलं?" मी म्हटलं, वरच्या टाकीचं झाकण नीट लावलेलं आहे. "बघितलं, का नुसतं मानलं?" रागारागानं गुडघे धरत जिना चढून गेले, तर झाकण उडून शेजारच्यांच्या गोठ्यावर पडलेलं. खाली आले तर ही चहा पीत उभी.  

आता नेटशेठबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नेटशेठ म्हणजे माझ्या मालकांच्या चुलत भावाचा मुलगा. गावातल्या निम्म्या घरांना नेट त्याचं. जोडीला जमिनीची दलाली. शाळेत असताना ह्याला पाढे येत नव्हते, आता चौकात ह्याच्या वाढदिवसाचा फलक लागतो आणि त्यावर ह्याचे एक सोडून तीन फोटो: एक हात जोडलेला, एक गॉगल लावलेला, एक फोनवर बोलताना. भाताच्या खाचरातसुद्धा पांढरे बूट. माणूस असा की बाजारात भेंडीसुद्धा ह्यानं वेचून घेतली नसेल, पण बोलतो जमिनीच्या सौद्यांवर.

आणि आम्ही तरी काय शहाणे! नवीन नेट घेतलं की नेटशेठनं घरी यायचं, ओट्यावर मांडी घालायची, आणि घरातल्यांनी आपापले फोन उघडून त्याच्यापुढं ठेवायचे, ही आमच्याकडची रीतच पडली होती. तो एकेक उचलून काहीतरी दाबायचा. म्हणायचा, "आपलं सर्टिफिकेट टाकतोय. त्याबिगर नेट पळत न्हाई." माझ्या कॉम्प्युटरवरही त्यानं ते टाकलं. मी वर त्याला चहा दिला, शेव दिली. भावकीतलाच पोरगा, त्याला काय विचारायचं!

वरचीनं पहिल्याच आठवड्यात आमचं नेट लावून बघितलं. मेल उघडायला गेली तर तिच्या लॅपटॉपवर मोठी धोक्याची सूचना आली. जिन्यातूनच ओरडली, "काकू, तुमचं नेट फुटकंय!" मी नेटशेठला फोन केला. तो म्हणाला, "काकी, त्यांच्या लॅपटॉपलाच रोग हाय. आपलं सर्टिफिकेट टाकून घ्या म्हणावं." मी निरोप दिला. ती म्हणाली, "त्याला सांगा, माझ्या घराची किल्ली मी माझ्या बापाला पण दिलेली नाही." मग ती आपल्या मोबाइलचं नेट वापरायला लागली आणि मी मनात म्हटलं, किती हा ताठा पोरीला.

आमची रस्त्याकडेची दीड एकर जागा आहे, माझ्या आणि वन्संच्या नावावर. वन्सं म्हणजे माझ्या मालकांची बहीण, लवळ्याला दिलेली. कॉलेजच्या पोरांसाठी खानावळ चालवते. जागा विकायची नाही हे आमचं दोघींचं ठरलेलं. कागद पक्के करायला पुण्यातल्या वकिलांना मी मेल लिहायची आणि एक प्रत वन्संना. हे सगळं मी साठीत शिकले, एका बोटानं. तर झालं असं, की मी मेल लिहायची आणि दुसऱ्या दिवशी नेटशेठ दारात. "काकी, ओढ्याकडची बाजू येगळी करताय म्हणं?" एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा तर माझे शब्दच्या शब्द त्याच्या तोंडात. मी विचारलं, "तुला कोण सांगतंय रं?" तो हसला. "आता काकी, घरातलंच मानूस बोलतंय म्हणल्यावर मी कुनाचं नाव घेऊ?"

एवढं पुरलं मला. वकील तीस वर्षं ओळखीचे, ते बोलायचे नाहीत. राहिल्या वन्सं. फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. भावाच्या वाट्यावर डोळा आहे म्हटलं. वन्सं एवढंच म्हणाली, "वैनी, मी कुनाला काय बोलले न्हाई." मी फोन ठेवला. त्या दिवाळीला तिला बोलावणंसुद्धा पाठवलं नाही. भाऊ गेल्यावर नणंदेचं माहेर म्हणजे वहिनीचं बोलावणं, दुसरं काय उरतं! ते मी हातानं तोडलं, आणि वर मला बरंही वाटलं.

वरचीनं हे सगळं जिन्यात ऐकलेलं होतं. पारा चढला की माझा आवाज माळापर्यंत जातो. भाऊबीज होऊन गेल्यावर एका दुपारी ती खाली आली, खुर्ची ओढून माझ्या कॉम्प्युटरपुढं बसली. "काकू, वन्संनी सांगितलं हे बघितलं, का नुसतं मानलं?" मी म्हटलं, "तू तुझं काम कर." ती म्हणाली, "तेच करायले."

तिनं मला जे सांगितलं ते माझ्या भाषेत असं. कुठलीही साइट उघडली की ती आधी आपलं ओळखपत्र दाखवते, आणि ते कुणी दिलंय हेही त्यावर असतं. मेल एकदा घरच्या नेटवरून उघडायची, एकदा मोबाइलच्या नेटवरून, आणि दोन्ही ओळखपत्रं शेजारी धरायची. तिनं मोबाइलच्या नेटवरचं दाखवलं. त्यावर कुठल्याशा मोठ्या परदेशी संस्थेचं नाव होतं. मग घरच्या नेटवरचं काढलं आणि ती खुर्चीत मागं रेलून हसायला लागली. वर्षात पहिल्यांदा तिला हसताना पाहिलं. ओळखपत्र देणारा म्हणून तिथं नेटशेठच्या दुकानाचं नाव होतं! "काकू, नुसता फरक दिसला असता तर मी गप बसले असते. व्हायरस पकडायचं सॉफ्टवेअर असलं तरी असं दिसतंय कधी कधी. पण ह्या येड्याला चोरीवर पण स्वतःचा फलक लागतो. हा मधी बसून तुमच्या सगळ्या मेल वाचायलाय. तुम्हीच त्याला मधी बसवलं, ते सर्टिफिकेट टाकून घेऊन. ते टाकलं की मशीन त्यानं दिलेलं खोटं ओळखपत्र पण खरं मानतंय."

तरी माझं मन मानेना. रक्ताचा पोरगा, असं कसं करेल? (वन्सं रक्ताची नव्हती का? पण तेव्हा हे डोक्यात आलं नाही.) वरचीनं कपाळावर हात मारला. मग तिनं मला दोन मेल लिहायला लावल्या, वकिलांना नाही, वन्संना नाही, तिच्याच एका नवीन पत्त्यावर. घरच्या नेटवरून लिहिलं, जागेत शेवगा लावायचाय. मोबाइलच्या नेटवरून लिहिलं, जागेत विहीर काढायचीय. दोन्ही खोटं. "आता ह्या दोन गोष्टी जगात तुम्हाला आणि मला ठाऊक. बसा शांत."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला पांढरे बूट दारात. "काकी, ह्या वयात शेवगा कुटं लावत बसता? इकून टाका की." विहिरीचं नाव नाही.  वरची जिन्यात बसली होती, तिथूनच म्हणाली, "दोन दिवस थांबायचं तरी डोकं वापरायचं की हो, शेठ."

मग मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो ओट्यावरून उतरता उतरता म्हणाला, "काकी, घरातलीच मानसं आपन. बघितलं तर बिगडलं काय?" आणि लाज वाटते सांगायला, गावही तेच म्हणालं. घरचाच हाय, बघितलं तर बिगडलं काय! वरचीनं पोलिसांत तक्रार लिहून दिली, तिच्यासोबत सही करायला एक माणूस आला नाही, मी सोडून. नेटशेठ आजही फलकावर हात जोडून उभा आहे आणि लोक त्याच्यापुढं फोन मांडतायत.

मी मात्र वरचीचे पाय धरायच्या बेताला आले होते. पुरणपोळी केली, वर घेऊन गेले. म्हटलं, "पोरी, तू माझे डोळे उघडलेस." तिनं ताट घेतलं आणि म्हणाली, "काकू, तो चोर आहे, त्यानं चोरी केली. तुमचं काय? वन्सं नाही म्हणल्या ते तुम्ही ऐकलं नाही, आणि मशीननं सांगितलं ते ऐकलं." मी तिथंच पायरीवर बसले. ती खात राहिली. पोळी चांगली झालीये, एवढं मात्र म्हणाली. तिच्या तोंडून निघालेलं ते एकमेव कौतुक.

पुढं तिला हैदराबादला नोकरी लागली. जाताना किल्ली हातात दिली आणि म्हणाली, "फोन करू नका वन्संना. जा."

गेले. खानावळीत पोरांची गर्दी होती. वन्संनी मला गिऱ्हाइकाच्या बाकड्यावर बसवलं, काचेच्या पेल्यात चहा दिला. मी सगळं सांगितलं, शेवग्यासकट. तिनं फडक्यानं टेबल पुसलं. म्हणाली, "वैनी, त्या पोरीनं दोन मेली लिवल्या तवा तुमाला पटलं. मी तर तवाच न्हाई म्हनलं व्हतं." आणि पोरांना वाढायला गेली. दुसऱ्यांदा गेले तेव्हाही बाकडं आणि पेला.

वरचीचा महिन्याला फोन येतो. तब्येत विचारत नाही, पाऊसपाणी विचारत नाही. "वन्सं घरी आल्या का?" मी नाही म्हटलं की, "मग परत जा," आणि फोन बंद.

परवा तिसऱ्यांदा गेले. मी बाकड्याकडे वळणार तोच वन्सं आतून म्हणाली, "वैनी, तितं कुटं बसता? आत या." चुलीपाशी पाट टाकला आणि मेथीच्या चार जुड्या माझ्यापुढं सरकवल्या. "हात रिकामे हायत तर एवढी निवडा. आज बाई आली न्हाई." दुपार गेली. 

घरी येऊन मीच वरचीला फोन लावला. म्हटलं, "मेथी निवडली गं, चार जुड्या."

"पण वन्सं आल्या का?"

"नाही अजून."

"मग झालं काय त्यात?" म्हणाली. पहिल्यांदाच तिला काही कळलं नव्हतं. मी कितीतरी वेळ तिला समजावून सांगत बसले.