सात नंबरची काठी

शामकांत मास्तर छत्री हरवल्याची तक्रार द्यायला ठाण्यात शिरले आणि उंबऱ्यातच थबकले. आपण चुकून बाळंतिणीच्या खोलीत आलो, अशी त्यांची खात्रीच पटली. सहा फुटी सहादेव हवालदार उन्हात मांडी घालून बसला होता आणि मांडीवर आडव्या घेतलेल्या काठीला जवसाचं तेल चोळत होता. शेजारी न्हाऊमाखू घातलेल्या दहा काठ्या ओळीनं निजल्या होत्या. वास असा की, वारा तिकडचा असता तर पैठणच्या म्हशी शिंकल्या असत्या.

"कितवं हो हे?" मास्तरांनी विचारलं.

"सात नंबर," हवालदार मान वर न करता म्हणाला.

"तीट लावा. दृष्ट लागेल."

छत्री सापडली नाही, मैत्री जमली. त्यानंतर रस्त्यात भेटले की मास्तर आधी सात नंबरची खुशाली विचारत.

शेवगावच्या वाटेवरचं हे ठाणं लहानसं. काठ्या अकरा, आणि त्यांची देखभाल सहादेवकडे. नगरहून तपासणी येई, पण वीस वर्षांत त्याच्या काठ्यांवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. 'साहेब येणार' एवढं कानावर पडलं की त्याचे हात तेलाच्या बुधलीकडे जात. डोक्याला विचारण्याची हातांना गरजच नसे.

बेचाळीसच्या ऑगस्टात शाळेतली मुलं झेंडा घेऊन कचेरीवर निघाली. मुलांना मार लागू नये म्हणून मास्तर पुढं उभे राहिले. ठाण्याच्या फौजदारांनी सहादेवच्या हातातली काठी हिसकावली आणि मास्तरांच्या डोक्यात घातली. तीनदा. तिसऱ्या वेळी मास्तर खालीच पडलेले होते.

मास्तर पळापळीत आडाच्या दगडावर आपटले, असं फौजदारांनी वर कळवलं. मास्तरांची वाचा गेली होती; ते काय सांगणार? त्यांच्या वकील मेहुण्यानं नगरला अर्ज केला आणि खात्याची चौकशी लागली.

मास्तरांची बायको सुनीतीबाई ठाण्याच्या पायरीशी आली.

"हवालदार, तुम्ही तिथं होता. आमच्या बाजूनं कुणी साक्ष द्यायला तयार नाही."

"काठी हाय, बाई," सहादेव हळूच म्हणाला. "रगात, केस, समदं तिच्यावर हाय. गोनपाटात गुंडाळून आढ्याला ठेवलीय. साहेब आले की म्होरं ठेवतो."

फौजदारांना वास आला असावा.

"हवालदार, पेन्शनला किती राहिलं?"

"दीड वर्स, साहेब."

"मग नीट जगा."

सहादेव घाबरला, पण काठी हलवली नाही.

बुधवारी चौकशीला डेप्युटीसाहेब येणार होते. सकाळी सहादेवनं ठाणं झाडलं, पट्टे घासले, काठ्यांना तेल दिलं, भिंतीशी ओळीनं उभ्या केल्या. सहा आणि आठच्या मधे खिंडार दिसत होतं, पडलेल्या दातासारखं. तपासणीला ओळीत खिंडार! त्यानं आढ्यावरून गोणपाट काढलं, काठी राखेनं घासली, धुतली, तेल चोळलं आणि जागेवर लावली. मागं सरून त्यानं ओळ डोळे भरून पाहिली. झकास होती.

मग त्याला कळलं. हातांना तेलाचा वास येत होता. बाहेर मोटार थांबली.

तरी तो बोलला. फौजदारांच्या देखत बोलला, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

"साहेब, मास्तरला सात नंबरनं मारलंय. म्या डोळ्यांनी पाह्यलं. रगात हुतं तिच्यावर."

साहेबांनी काठी उजेडात धरली, फिरवली, बोट लावलं.

"कुठं आहे?"

"धुतलं, साहेब."

"कुणी?"

"म्याच."

"का?"



"तुमी येनार हुता म्हनून."

फौजदारांनी रुमालात तोंड लपवून खोकला काढला.

मास्तर आडाच्या दगडावर पडले, असं चौकशीत ठरलं. काठ्यांची निगा उत्तम, असा शेरा मिळाला. पौषात मास्तर वारले. सात नंबरची काठी पुढं अकरा वर्षं वापरात होती.